दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया

एउदोरो,

माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू सरकारने तेलाच्या पैशातून फुकट काढला, हे खरं आहे. तेल पूर्वीही होतं, पण त्याचा पैसा व्हेनेझुएलातल्या या काबीमासमध्ये, आमच्या गल्लीत कधी आला नव्हता, हे मी कुणालाही भांडून सांगेन. म्हणून तू सरकारी वाहिनीचा कॅमेरा घेऊन आलास तेव्हा मी मक्याच्या अरेपा थापता थापता अध्यक्षांचे मनापासून आभार मानले. मग तू विचारलंस, "ताई, नेरिओ दाजींची आठवण येते का गं?" आणि मी रडले.

बातम्यांत आधी माझे आभार आले, मग लगेच ते रडणं. तुझा प्रश्न गाळलेला होता. नेरिओ ज्या तेल कारखान्याच्या आगीत गेला, त्या आगीबद्दल तुमच्या वाहिनीने आजवर एक शब्द काढलेला नाही.

शेजारची ओमाइरा म्हणाली, "अध्यक्षांसाठी एवढी रडतेस? नवऱ्यासाठी तरी रडली होतीस का एवढी?"

आता तू म्हणतोस, "डावा डोळाही करून घेऊ. फक्त अध्यक्षांच्या रविवारच्या टीव्ही कार्यक्रमात दोन शब्द बोल."

"आणि नाही बोलले तर?"

तू कॉफी ढवळत राहिलास. तिच्यात साखर नव्हती, एउदोरो. घरातच नव्हती.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. वाटेत कोण उघडेल सांगता येत नाही, आणि नोकरी तुझी जाईल. तुला निरोप फक्त एवढाच धाडेन: रविवारी जेवायला ये, कॅमेरा आणू नकोस. ती बातमी मी उजव्या डोळ्याने नीट पाहिली. तेवढं दिसतं ते मला पुरे आहे.

तुझी ताई,
एउलालिया