आधी चहा, मग मशीन

बाबा, मोटरसायकल चालवून तुमच्या हातांना मुंग्या यायच्या, हे मला परवा कळलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आपली समजत होते की तुम्ही चहाचे लालची. शिलाई मशीन दुरुस्त करायला कोणाच्याही घरी गेलात की अवजारांची पेटी खाली ठेवायची, ओसरीवर बसायचं आणि म्हणायचं, "पयले चहा ठेवा बाई, मशीन कुठं पळून जाते?" मग गरम कप दोन्ही तळव्यांत धरून तुम्ही गावभरच्या गोष्टी सांगत बसायचे. बाया हसायच्या. मला लाज वाटायची.

रामाकोना गावातला तो दिवस मी विसरलेली नाही. आठवीतून माझी शाळा सुटली होती आणि काम शिकवायला तुम्ही मला मागे बसवून नेत होता. त्या घरी लग्नाचे कपडे अडले होते, बाई दारातच उभी. तुम्ही चहा मागितला आणि मी सगळ्यांसमोर बोलले, "बाबा, काम करा न पयले. घरी चहा भेटत नाही का तुम्हाले?" तुम्ही माझ्याकडे पाहिलं. आलेला कप तसाच बाजूला ठेवला आणि पेटी उघडली. सुईचा स्क्रू बोटांतून पडला. उचलला, पुन्हा पडला. "मिस्तरी, चष्मा लावा आता," बाई म्हणाली. तुम्ही हसून म्हणालात, "लावतो न. पोरगी बोलाले लागली म्हणजे बाप म्हातारा झालाच." त्यानंतर माझ्यासमोर तुम्ही कधीच आधी चहा मागितला नाही.

आता गाडी माझ्या नवऱ्याची आहे. ते गेल्यावर मी ती चालवायला शिकले, आणि पेटी तुमचीच, गावंही तुमचीच. सौंसर येईस्तोवर करंगळीकडून मुंग्या सुरू होतात, मग पंजा लाकडासारखा होतो. हँडलच्या मुठींवर स्पंज गुंडाळून पाहिला. मूठ जाड झाली आणि उलट जास्तच आवळावी लागली, म्हणून काढून टाकला. मी सापडेल ते वाचते. एका आरोग्याच्या पुस्तकात लिहिलं होतं की अंगाचा भार मनगटावर टाकू नये, कोपर सैल ठेवावं, मधेमधे थांबावं. तसं करते. झाडाखाली गाडी उभी करून हात झटकत असते, तर जाणारे विचारतात, "काय झालं वो बाई, विच्चू चावला का?" आधी दहा मिनिटांत बोटं परत यायची. आता दहाची वीस झाली. परवा एका घरी सुईत दोरा जाईना, आणि माझ्याच तोंडून निघालं, "पयले चहा ठेवा बाई." कप तळव्यांत आला, ऊब बोटांपर्यंत पोचली आणि मला रडू आलं. त्या बाईला वाटलं, चहा जास्तच गरम आहे.

पण गोष्ट एवढीच असती तर मी लिहायला बसले नसते. त्याच दिवशी बोरगावला जाताना एक म्हातारी टोपलं घेऊन रस्त्यात आली. माझी बोटं ब्रेकवर होती. मी ब्रेक दाबला, म्हणजे दाबला असं मला वाटलं. गाडी थांबली नाही. बोटं नुसती ठेवलेली होती बाबा, दाबलेली नव्हती, आणि मला ते कळलंच नाही. पायाचा ब्रेक लागला म्हणून चाक टोपल्याला घासून थांबलं. म्हातारी ओरडली, "आंधळी हायेस का वं?" मी म्हटलं, "चुकलं वो माय." ती शिव्या देत गेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेले. मुंग्या कधीपासून, कोणत्या बोटांत, रात्री येतात का, सगळं खरं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "गाडीवर पकड सुटते का कधी? ब्रेक नीट लागतो ना?" मी म्हटलं, "लागतो जी."

हे माझ्या मुलीला लिहायचं म्हणून बसले होते. कागद तुमच्या नावाने सुरू झाला, आणि आता तिला तो दाखवणार नाही. उद्या रामाकोन्याला जायचं आहे. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही मला अडवू शकत नाही.