घोटीचा उजेड आणि निळा कप

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
आजपासून रोजनिशी. पुढे कुणी मुलाखत घेतलीच तर तारखा हाताशी असाव्यात.
नाशिकला अंबडच्या ऑफिसात नवं ऑप्टिकल यंत्र आलं. इथून घोटीपर्यंत फायबरमधून इंटरनेट उजेडाच्या रूपात पाठवणारं. त्यात विकतची सिस्टीम न घालता फुकटची, ओपन-सोर्स घालायची ही कल्पना माझी. सोमनाथ सर म्हणाले, चौदा तारखेपर्यंत घोटीला उजेड पोचला तर प्रोजेक्ट उज्वलाचा, म्हणजे माझा. नाहीतर विकतची सिस्टीम आणि प्रोजेक्ट माझ्या समोर बसणाऱ्या इंदिराचा.
मला चार दिवस पुरे.

४ नोव्हेंबर
इन्स्टॉल झालं. पॅन्ट्रीत एक निळा कप बेवारस होता, तो घेतला. ओपन-सोर्स म्हणजे तरी काय? चांगली वस्तू सगळ्यांची.

६ नोव्हेंबर
घोटीत अंधार. दोष सिस्टीमचा. पुन्हा इन्स्टॉल.
इंदिरा आपला कप शोधत फिरतेय. कुठला, ते मी विचारलं नाही. मला कामं आहेत.

१० नोव्हेंबर, सकाळी ११
सातव्यांदा इन्स्टॉल. सर म्हणाले, इंदिराला विचारा. विचारीन, पण जगाला विचारीन. सिस्टीमच्या ऑनलाइन फोरमवर इंग्रजीत प्रश्न टाकला. पाच मिनिटांत उत्तर: सिस्टीम ठीक आहे, फायबर तपासा. उत्तर देणाऱ्याचं नाव ग्रेपवाइन, म्हणजे द्राक्षवेल. द्राक्षं म्हणजे इटलीच. बिचाऱ्याला काय माहीत, फायबर मी स्वतः लावलीय.
समोर इंदिराचा कीबोर्ड इतका खडखडतो की लक्ष लागत नाही.

१३ नोव्हेंबर
अकरावं इन्स्टॉल. घोटी तशीच.
इटलीवाल्याने यंत्राचा फोटो मागितला. परकी माणसं किती जीव लावतात! नाहीतर इथे समोर बसलेलं माणूस ढुंकून बघत नाही. कप जरा बाजूला सरकवून फोटो काढला, पाठवला.

१४ नोव्हेंबर, दुपारी १
उत्तर आलं. मराठीत.
“जाणारी फायबर येणारीच्या जागी लावली आहेस. अदलाबदल कर, दोन मिनिटांचं काम. सरांना मी काही बोललेले नाही. आणि तो कप माझ्या आईने दिलेला आहे. धुऊन दे.”

संध्याकाळी ५
घोटीत उजेड. प्रोजेक्ट माझा.
कप दोनदा धुतला, चहा भरून इंदिरापुढे ठेवला. ती म्हणाली, साखर कमी आहे.
सरांना सांगून टाकलं, या प्रोजेक्टवर इंदिराही हवी.
हीही कल्पना माझीच.