प्रायमर वाळेपर्यंत

दि. ९ ऑगस्ट

ती. दादास,

नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. वहिनींना नमस्कार, पोरांना पापा. फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान फोडून बघशील.

काम तुझ्याच धंद्यातलं आहे. उन्हाळ्यात मी बाहेरचं लाकडी दार काढून लोखंडी बसवलं. आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून किल्लीनेच उघडणारं कुलूप त्यात घातलं. आता कुलपाभोवतीचा रंग फुगलाय, खालपर्यंत तांबडे ओघळ आलेत आणि किल्ली फिरवता फिरवता हात भरून येतो. बसवणारा म्हणाला होता, "ताई, भोक पाडलं की पत्र्याच्या कडा उघड्या पडतात. आज रंग लावतो, उद्या वाळला की कुलूप घालतो." मीच म्हटलं, "उद्या नाही, आत्ता घाला." अति घाई संकटात नेई, हे काय मला ठाऊक नव्हतं?

जन्मभर तू कुलपं बसवतोयस. गंज थांबवायला काय करू, ते लिही. घाईचं आहे.

आई बरी आहे.

तुझी,
ठकी


दि. २१ ऑगस्ट

दादा,

तुझं उत्तर मिळालं. कुलूप काढायचं. गंज पॉलिश पेपरने चमक येईपर्यंत घासायचा. दाराच्या पोटात पडलेला लोखंडाचा कीस झाडून काढायचा, कारण आधी तोच गंजतो. कापलेल्या कडांना प्रायमरचे दोन हात द्यायचे आणि पुरता एक दिवस वाळल्याशिवाय कुलूप परत घालायचं नाही. सगळं समजलं. आमची विचारपूस एका शब्दाने नाही. शेवटी तेवढं विचारलंस, "आतून किल्ली कशाला? कोणाला कोंडतेस?"

आईला.

घे, लिहिलं एकदाचं. वर्ष होत आलं, तिला काही आठवत नाही. मी तिची 'अहो बाई' झालेय. ताट वाढलं की विचारते, "अहो बाई, तुमची घरी कुणी वाट बघत नाही का?" आधी आधी मी हसायचे. मग ती डोळा चुकवून बाहेर पडायला लागली. मी कारखान्यात शिलाई मशीनवर आणि ही कुठल्यातरी बसथांब्यावर, पायात एकच चप्पल. सांभाळायला बाई ठेवली, ती आठवड्यात पळाली. म्हणून ते लोखंडी दार. कामाला जाताना मी आईला कोंडून जाते.

तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी मी घरी आले तर किल्ली फिरेचना. आतून जळका वास. मी दारावर बुक्क्या मारतेय आणि आतून ही शांतपणे म्हणतेय, "कोण आहे? मुलगा घरी नाही." शेजाऱ्यांनी स्वयंपाकघराची काच फोडली. तिने टॉवेल शेगडीवर ठेवला होता. हाताला फोड आले, तेवढ्यावर निभावलं. आणि मी तुला लिहिलं, आई बरी आहे.

रविवारी तू सांगितलंस तसं सगळं केलं. घासलं, झाडलं, प्रायमर लावला. आतली कडी ती काढते आणि बाहेरून कडीच नाही, म्हणून खुर्ची टाकून मी स्वतः दारात बसले. एक दिवस तर काढायचा होता.

दुपारी ती आली. चपला उलट्या घातलेल्या. म्हणाली, "अहो बाई, जरा सरता का? माझा मुलगा बाहेर उभा असेल. मी त्याला दारातून परत पाठवलं हो. बायको होती त्याच्याबरोबर, तिला पाणीसुद्धा विचारलं नाही मी."

रोज ती तुलाच शोधायला बाहेर पडते, दादा. हे मी तुला कळवलं नव्हतं. अंघोळ मी घालायची, भरवायचं मी, रात्री उठायचं मी, आणि आठवतोस तू. जीव जळतो माझा. खोटं कशाला बोलू?

मी पाय आवरून घेतले. ती बाहेर पडली. गल्लीतून जाताना तिची पाठ मला दिसत होती आणि मी खुर्चीत बसून होते. गेली तर गेली, असं मनात आलं. आणि बरं वाटलं. अगदी हलकं वाटलं.

मग मोठ्या रस्त्यावर ब्रेक करकचून लागल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे मी धावले. ती रस्त्याच्या मधोमध उभी होती, ट्रकवाल्याला विचारत होती, "माझा मुलगा दिसला का?" तो बिचारा थरथरत होता. ही नाही.

तिला घरी आणलं आणि ओल्या प्रायमरवरच कुलूप परत ठोकलं. पुन्हा तेच. पुन्हा गंजणार, पुन्हा अडकणार, आणि आत ती असणार. कुलूप लावलं तर ती आत जळून मरेल, काढलं तर ट्रकखाली जाईल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

दारात बसायला एक दिवस कुणीतरी हवं आहे. ती मी नव्हे. मी परत पाय आवरून घेईन, मला माझी खात्री राहिलेली नाही. ती तुला ओळखेल का, सांगता येत नाही. कदाचित तुलाही 'अहो' म्हणेल. तरी ये. माझा राग कर, तिचा कर, वहिनींना आणू नये वाटलं तर नको आणूस, पण ये. तिला माझ्या एकटीच्या हाती ठेवू नकोस.

तुझी बहीण,
जिने आईला जाताना पाहिलं आणि उठली नाही