यादी करेक्ट आहे

२८ ऑक्टो.
पॅरिश ऑफिसातली ग्लोरिया मृतांच्या दिवशी वाचायची, गेलेल्यांच्या नावांची यादी तपासायला देऊन गेली. पहिल्याच पानात सात चुका! आणि ही कशालाही म्हणते, "करेक्ट, टीचर". ऊन आहे का? करेक्ट. चहा घेतेस? करेक्ट. अगं, करेक्ट म्हणजे 'हो' नव्हे. तपासलं आणि चूक सापडली नाही, तर करेक्ट. आमच्या सिस्टरांनी चौथीत मला तो शेरा वर्षभरात एकदाच दिला होता.

२९ ऑक्टो.
यादी झाली. खाली लाल पेनाने 'करेक्ट', सही. पाठवली.

२ नोव्हें.
सिमेट्रीत गर्दी. वहिनी आणि मी दादाच्या कबरीपाशी. मेणबत्त्या लावल्या. फादर नावं वाचत होते. दादाचं झालं. पुढचं माझं. पूर्ण नाव, गावासकट. सगळे म्हणाले, "चिरशांती लाभो." सवयीने मीही म्हटलं.
वहिनीने दंड धरला. "बाय, तुमचं नाव घेतलं हो!"
"बहिरी नाही मी."

३ नोव्हें.
ऑफिसात जाऊन ग्लोरियाला झापलं. रडकुंडीला आली. "टीचर, मी नाही घातलं. तुम्हीच लिहिलंय, बघा ना." दादाच्या नावाखाली, दोन ओळींच्या मध्ये, लाल शाईत मी. अक्षर माझंच. नाव करेक्ट, गाव करेक्ट. चूक एवढीच की मी जिवंत उभी होते.
पानाचा फोटो मागून घेतला.

४ नोव्हें.
वहिनीने मुलाला कळवलंच. बोळिंजहून धावत आला. "आत्या, तुला आठवत नाही, हेच तर लक्षण आहे. आता एकटी नको राहूस. रविवारी सामान न्यायला येतो."
सामान! मी काय कपाट आहे?

५ नोव्हें.
लाल पेनाने माझं नाव दहा वेळा लिहून पाहिलं. संधिवाताने बोटं वाकलीत, प्रत्येक रेघ थरथरते. फोटोतली माझी सहीही तशीच. दोन ओळींमध्ये घातलेलं नाव मात्र ताठ, गोल. नोकरीला लागले तेव्हा मी असं लिहीत असे.
पुतण्याला हे दाखवलं तर घर सुटणार नाही. पण मग तो विचारेल, लिहिलं कोणी?

६ नोव्हें.
ग्लोरियाचा फोन. "टीचर, फादर विचारतात, तुमचं नाव खोडू ना?"
खोड म्हणायला तोंड उघडलं.
"थांब जरा, तपासून सांगते," म्हटलं.
ती अजून फोनवर आहे.