अठ्ठावन्नावा खांदा

प्रिय बाबा,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतेय. आधीच्या दोन्ही वेळा चार ओळींतच तुझ्याशी भांडायला लागले, म्हणून फाडून टाकलं. इथे मोंटानात मेंढ्या व्यायचे दिवस आहेत. अंगाला सतत ओल्या लोकरीचा वास, आणि मालकीणबाईंच्या कुत्र्यानं माझा उजवा हातमोजा पळवलाय, तेव्हा अक्षर कसंही आलं तर समजून घे. काल एका आई नसलेल्या कोकराला दुसऱ्या मेंढीनं जवळ घ्यावं म्हणून आम्ही काय काय केलं, ते तुला सांगायला हवं... पण नको, मी पुन्हा भलतीकडेच चालले.

राग अजून गेलेला नाही. मार्चातल्या त्या मंगळवारी, गावसभेच्या सकाळी, मी तुला सरळ विचारलं होतं, महाभियोगाच्या ठरावावर तू कुठल्या बाजूचा? आणि तू टोस्टला लोणी लावत म्हणालास, “मी घड्याळाच्या बाजूचा. सभा नऊला सुरू होते.” तेव्हा मी तुला भित्रा म्हणाले. कायद्यापुढे सगळे सारखे, मग तो राष्ट्राध्यक्ष का असेना, एवढं साधं वाक्य तुझ्या तोंडून निघत नाही, असंही म्हणाले. तू बूट चढवलेस, सभा चालवायचा तो लाकडी हातोडा खिशात टाकलास आणि गाडीतला बर्फ खरवडायला गेलास. माझ्याही बाजूच्या काचेवरचा. त्याचा मला जास्तच राग आला.

चार वर्षांनी मी गावसभेला आले होते, आणि तुमचं सगळं तस्संच! शाळेच्या हॉलमधल्या त्याच घडीच्या खुर्च्या, मागे मेपलच्या पाकातल्या घेवड्याची तीच पातेली. रस्त्याच्या खडीवर दीड तास काथ्याकूट झाला, मग लुसिंडाबाई चष्मा सावरत उठल्या. शाळेतलं वाचनालय सांभाळून निवृत्त झालेली बाई, पण आवाज असा, की मागच्या रांगेतलं विणकाम थांबलं. राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग चालवावा, असा ठराव गावानं करून संसदेकडे पाठवावा, म्हणाल्या. लगेच रॉइसकाका ताडकन उभे. “निवडणूक हरलात की तुम्हाला कायदा आठवतो! लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला हाकलायचं, हा कुठला न्याय?” त्यावर बाई म्हणाल्या, “निवडून दिलं म्हणजे अख्खं घर नावावर करून दिलं नाही, रॉइस.” काका म्हणाले, “तुमच्या पुस्तकांत असेल तसं. माझं लाकूड मी स्वतः तोडतो, माझं डोकंही मीच चालवतो.” “आवाजावरून करवतच चालतेय असं वाटतं,” बाई म्हणाल्या. अख्खा हॉल हसला, आणि तू हातोडा आपटलास. “दोघांनीही माझ्याकडे बघून बोला. एकमेकांकडे जेवताना बघा.”

बाबा, तासभर दोन्हीकडून ‘कायद्याचं राज्य, कायद्याचं राज्य’ चाललं होतं. जो तो आपापल्या माणसाला वगळून कायदा सांगत होता. राष्ट्राध्यक्षांनी नेमकं काय केलं, हे कोणी धड बोलेना. मला तिथे किंचाळावंसं वाटत होतं. आणि तू? बोलणाऱ्याची तीन मिनिटं संपली की “वेळ झाली.” बस्स.

हात वर करून निकाल लागेना, तेव्हा तू बाजू करायला लावलीस. ठराव हवा ते खिडक्यांकडे, नको ते बास्केटबॉलच्या जाळीखाली. मग नेहमीसारखा एकेकाच्या खांद्याला हातोड्याची मूठ टेकवत मोजत निघालास. खिडकीकडच्या रांगेत शेवटची मी. मूठ माझ्या खांद्यावर जरा जास्त वेळ राहिली, की मला तसं वाटलं? “अठ्ठावन्न,” म्हणालास. पलीकडे सत्तावन्न भरले. तू तीनदा मोजलंस. ठराव झाला, मी लुसिंडाबाईंना उचलून गरकन फिरवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा नीट निरोपही न घेता बसमध्ये बसले.

आता लुसिंडाबाईंचं पत्र आलंय. रॉइसकाका दुकानात सांगत फिरतात म्हणे, की मुलगी खूश होऊन घरी टिकावी म्हणून ऑरिननं, म्हणजे तू, एक माणूस वाढवून मोजला. ज्यांच्याबरोबर तू वीस वर्षं एकाच शेडमध्ये मेपलचा पाक आटवलास, त्यांनी यंदा वेगळी चूल मांडली. आणि तू एकोणीस वर्षांचा तुझा हातोडा गावाच्या कारकून बर्नीच्या टेबलावर ठेवून आलास. मोजणीवर विश्वास नसेल तर मोजणारा कशाला, म्हणालास. हे वाचल्यापासून माझं कशातच लक्ष नाही. काल गोठ्याचं दारही उघडंच ठेवलं मी.

तेव्हा आता ते लिहिते, ज्यासाठी तीनदा कागद घेतला. त्या सकाळी दारात बर्नीनं यादीत माझं नाव शोधलं आणि म्हणाली, “हॅटी, अजून आमचीच आहेस की गं!” मी हसले, आणि मतदाराचं पिवळं कार्ड घेतलं. तिला सांगितलं नाही, की नोव्हेंबरात मी मोंटानातून मत दिलंय. माझं नाव आता इथल्या यादीत आहे. एकाच ठिकाणी मतदार राहता येतं हे माहीत नव्हतं, असं लिहिणार होते. माहीत होतं. मी मागे बाकावर, पाहुण्यांत बसायला हवं होतं. मग सत्तावन्न-सत्तावन्न झाले असते, आणि कोंडी फोडायला, सभा चालवणारा म्हणून, तुला स्वतःचं मत द्यावं लागलं असतं. तू कुठे उभा राहिला असतास, ते मला आता विचारायचं नाही. हे पत्र बर्नीला दे. रॉइसकाकांच्या देखत सगळ्यांना वाचून दाखवायला सांग. खिडकीकडे अठ्ठावन्न खांदे होते, बाबा. तू बरोबर मोजलंस. एक खांदा तिथला नव्हता. हातोडा परत घे.

गावाच्या यादीत नसले तरी तुझीच,
हॅटी