स्वतंत्र संचालकाचा अभ्यास

१४ नोव्हेंबर २०२२, सोमवार

मी कंपनीचा संचालक होणार. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. एकोणचाळीस वर्षं रेल्वेच्या कचेरीत साहेबांच्या फायली पुढे सरकवल्या — आणि आज नीलकंठ घरी येऊन म्हणतो, "काका, आमच्या बोर्डावर या. स्वतंत्र संचालक."

नीलकंठ म्हणजे पलीकडच्या गल्लीतला. रामघाटावरून गंगेत उड्या मारायचा, मी ओरडायचो. आता बिस्किटांचा मोठा कारखाना आहे त्याचा. आमची कालिंदी तिथेच कंपनी सेक्रेटरी — बोर्डाच्या बैठका, ठराव, कार्यवृत्त सगळं तिच्याकडे.

"करना क्या है, काका? तीन महिन्यांतून एकदा बसायचं. चाय, समोसा, सही."

अन्नपूर्णा आतून म्हणाली, "चहा-समोसा घरीही मिळतो. सही कशाला हवी?"

१५ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळी कालिंदी सासरहून आली. संकठा घाटापासून चालत, हातात जाडजूड पुस्तक — कंपनी कायदा. परीक्षाही असते म्हणे, घरबसल्या, संगणकावर.

मी म्हटलं, नीलकंठ तर सांगत होता, परीक्षेला दोन वर्षं मुदत आहे.

"मुदत आहे. पण तुम्ही आधी वाचा, बाबा. पहिल्या पानापासून. मधलं काही गाळायचं नाही."

अभिनंदन वगैरे काही नाही. चहा न घेताच गेली.

१८ नोव्हेंबर

नऊ पानं झाली. कळलं काहीच नाही. उद्या परत तीच नऊ.

२१ नोव्हेंबर, सोमवार

युक्ती सापडली. शाळेत शेवडे मास्तर आम्हाला राजा घाटावर न्यायचे. एका पायरीवर एक गण — यमाचा, यमाचा — पाणी येईपर्यंत कविता पाठ. त्या वेळच्या कविता अजून तोंडावर आहेत, कालची भाजी आठवत नाही. मग कायद्यालाच भुजंगप्रयातात का बसवू नये? बैठकीत गप्प राहिलेला संचालकही जबाबदार धरला जातो, हे कलम आज पायऱ्या उतरता उतरता असं झालं —

न बोले सभेला, तयाची हि हामी
नको ती मुक्याने सहीची गुलामी

दुसऱ्या ओळीत मास्तरांनी कान पिळला असता. पिळू दे.

खाली नाववाला ऐकत होता. "बाबूजी, कौन सा मंतर है?"

"कंपनी कानून का."

त्याने हात जोडले.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज कालिंदीकडून कळलं, माझ्या आधीचे संचालक फार प्रश्न विचारत. म्हणून गेले. मग नीलकंठला माझी आठवण झाली. म्हणजे त्याला वाटतं, हा म्हातारा कविता म्हणत बसेल आणि दाखवू तिथे सही करील. बरं. मी बैठकीचे कागद आठ दिवस आधी मागणार. पटलं नाही तर विरोध नोंदवा म्हणणार. शब्दन् शब्द.

"कुठवर आलात?" तिने विचारलं.

"एकशे एकतीस."

"अजून वाचा."

चेहरा उतरलेला होता. बापाला त्या खुर्चीत बघायची हिला लाज वाटते की काय? अन्नपूर्णाने मात्र निवृत्तीच्या वेळचा कोट उन्हात टाकलाय. "पोट आत घ्या म्हणजे बटण लागेल."

३० नोव्हेंबर, बुधवार

पान एकशे अठ्ठेचाळीस. तीनदा वाचलं. भिंग लावून वाचलं.

ज्याचा जवळचा नातेवाईक कंपनीत मुख्य पदावर आहे, त्याला स्वतंत्र संचालक होता येत नाही. मुख्य पदांच्या यादीत कंपनी सेक्रेटरी. नातेवाइकांच्या यादीत मुलगी.

संपलं. आणि त्या खुर्चीत बसण्याआधी मी लिहून द्यायचं की मी स्वतंत्र आहे — स्वतःच्या हाताने.

जेवलो नाही. अन्नपूर्णाने कोट घडी करून परत ट्रंकेत ठेवला.

नीलकंठला नकाराचं पत्र लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

३ डिसेंबर, शनिवार

नीलकंठ आला. पत्र खिशात, हातात मलइयोचे, म्हणजे गोड दुधाच्या फेसाचे, मातीचे कुल्हड.

"काका, क्या बचपना है? कालिंदीताईंचं आडनाव लग्नानंतर बदललंय. कौन देखता है?"

"मी पाहिलंय ना."

"सोमवारी बैठक आहे. कागद छापून तयार आहेत, त्यावर तुमचं नाव आहे."

"खोडा."

मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताईंच्या नोकरीचाही विचार करा जरा."

मी उभा राहिलो आणि त्या दोन ओळी त्याला म्हणून दाखवल्या, चालीवर. अन्नपूर्णा दारात येऊन उभी राहिली. तिने कुल्हड उचलून त्याच्या हातात परत दिले. "घेऊन जा, बाळ. यांना गोड बंद आहे."

परीक्षा मी तरीही देणार. कालिंदी त्या पदावरून उतरल्यावर तीन वर्षं थांबावं लागतं. थांबेन.

४ डिसेंबर, रविवार

कालिंदी आली. मी म्हटलं, माझ्यामुळे तुझी नोकरी धोक्यात आली. आणि एक सांग — तू एवढी शिकलेली, तुला ते कलम माहीत नव्हतं?

"पाठ आहे, बाबा. मला नीलकंठसाहेबांना 'नाही' म्हणता आलं नाही. म्हणून पुस्तक तुमच्याकडे आणलं."

मग बॅगेतून पेन काढलं. "आई सांगत होती त्या दोन ओळी मला सांगा. उद्याच्या बैठकीत मला बोलायचंय."