चार विहिरी आणि एक बटण

सर, हे लिहायचं मी सहा वर्षं टाळलं. तुम्ही होता तोवर सांगायला तोंड नव्हतं, आणि तुम्ही गेल्यावर वाटलं, आता विचारतंय कोण? आता विचारतायत. तुमच्या मुलीनं, साताऱ्याच्या ताईंनी, तुमचा जावळीतल्या विहिरींवरचा लेख इंटरनेटवर चढवलाय. नुसता वाचायचा नाही. लेखाच्या मधेच गणिताचा कोड बसवलाय. बटण दाबलं की हिशेब नव्यानं चालतो आणि पाण्याची रेघ डोळ्यांदेखत उमटते. एखादी विहीर वगळली तर रेघ हलते. आज पाच वाजता ते पान सगळ्यांना खुलं होणार. मला ताईंनी ते आधीच पाठवलंय. सकाळपासून मी मोबाइलवर मेढ्याकडच्या चार विहिरी काढतोय, परत घालतोय. त्या काढल्या की पाणी खाली चाललंय हे तुमचं म्हणणंच उभं राहत नाही. रेघ आडवी पडते.

सध्या मी मिरजेत तंबोऱ्याच्या कारखान्यात भोपळे घासतो. त्याआधी आष्ट्याला रसवंतीवर होतो, तिथला बैल लय गुणी होता, पण ते असू दे. तुम्ही म्हणायचाच, "तुझं लक्ष म्हणजे दावं तुटलेलं वासरू."

तुमचं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही चहा गाळताय, मी विहिरींच्या मोजणीची वही पुढं करतो. "दोरी सोडलीस ना रं प्रत्येक विहिरीत? ऐकलेलं लिहायचं नाही, मोजलेलं लिहायचं." मी म्हणतो, "व्हय सर." तुम्ही माझ्या फाटक्या चपला बघता, आत जाता आणि स्वतःचे बूट आणून देता. "एवढा चाललास, घाल."

चाललो नव्हतो, सर. त्या चार विहिरींवर मी गेलोच नाही. मेढ्याच्या बाजारात त्या गावची माणसं गाठली. "आवं आबा, तुमच्या हिरीत पाणी किती खाली?" "चार परस आसंल बग. बस की, च्या घे." परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. मी भिंतीशी हात वर करून उभा राहिलो, खूण मोजली आणि तिच्या पटीत आकडे लिहिले.

काल ताईंचा फोन आला. "अरे, हे चारही आकडे एकाच पाढ्यातले दिसतायत. तूच मोजलेस ना? बाबांचं नाव आहे त्यावर. बटण कुणीही दाबेल."

"व्हय ताई, मीच."

त्या उन्हाळ्यातलं पाणी आता कुठून मोजायचं? तुम्हाला लिहून उपयोग नाही, आणि ज्यांना सांगायला हवं त्यांच्याशी काल खोटं बोललो. पाय मुरगळला म्हणून उशीर झाला, असंही तेव्हा तुम्हाला सांगितलं होतं. पाय धड होता. शेजारच्या गावात कुस्त्यांचं मैदान होतं.

बाहेर मालक कुणाला तरी विचारतायत, "तंबोरा बघायचाय काय?" उत्तर देणारा आवाज ओळखीचा आहे. "नाही. भोपळे घासणाऱ्याला जरा बोलवा." ताई आल्यात, साताऱ्याहून, न कळवता. पाचाला अजून अर्धा तास आहे.